अपडेटची पाटी नक्की कुणाची?

प्रश्न थोडक्यात असा: कर सल्लागाराचं छोटं ऑफिस, सहा कॉम्प्युटर, जीएसटी, इन्कम टॅक्स, ई-टेंडर अशी सगळी कामं ब्राउझरमधून. रोज कुणाच्या ना कुणाच्या स्क्रीनवर अपडेटचं काहीतरी उगवतं. कधी ‘फ्लॅश प्लेअर जुना झालाय’, कधी ‘क्रोम अपडेट केल्याशिवाय हे पान दिसणार नाही’, कधी खाली उजव्या कोपऱ्यात ‘जावा अपडेट उपलब्ध’. परवा तर ब्राउझरला जोडलेलं एक छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे एक्स्टेंशन, ‘नवीन परवानगी द्या’ म्हणत बंदच पडलं. यातलं खरं कुठलं, खोटं कुठलं, की सरसकट सगळी अपडेट बंद करून टाकावीत?

सरसकट बंद करणं हा सगळ्यात वाईट पर्याय. त्याने खोट्या पाट्या थांबणार नाहीत, फक्त खरी अपडेट थांबतील. तुम्ही सांगितलेल्या चार पाट्यांपैकी पहिल्या दोन खोट्या आहेत. तिसरी खरी आहे, पण तुम्हाला तिची गरज नसण्याची शक्यता जास्त. चौथी खरी आहे आणि चारांत सगळ्यात जास्त विचार तिच्यावरच करायला हवा.

चारही ठिकाणी लागू पडणारा नियम एकच: वेबपेजवरून आलेलं अपडेट घ्यायचं नाही. तुमचा ब्राउझर जुना आहे हे साइटला कळू शकतं, आणि काही प्रामाणिक साइट तसं सांगतातही. पण अपडेटची फाइल तुमच्या हातात ठेवणं हे साइटचं काम नव्हे. दारावर कुणी येऊन ‘गॅस एजन्सीकडून आलोय, नळी बदलायचीय’ म्हणाला तर आपण त्याला आत न घेता एजन्सीला फोन करतो ना, तसंच. पाटी बंद करायची आणि ब्राउझरच्या मेनूत जाऊन ब्राउझरलाच विचारायचं.

आता पाटी पानाची की ब्राउझरची, हे ओळखायचं कसं? ॲड्रेस बारच्या खालची सगळी जागा पानाची. तिथे पान काहीही रंगवू शकतं: क्रोमचा लोगो, विंडोजची निळी चौकट, टक्केवारी दाखवत सरकणारी पट्टी, अगदी बंद करायची फुलीसुद्धा. ब्राउझरच्या स्वतःच्या चौकटी बहुतेक वेळा ॲड्रेस बारला चिकटून खाली लोंबतात, म्हणजे त्यांचा थोडा भाग वरच्या पट्टीवर चढलेला असतो. पानाला तिथे चढता येत नाही. तरी शंका राहिली तर ब्राउझरची खिडकी लहान करा आणि ती ‘अपडेट’ची चौकट माउसने धरून खिडकीच्या बाहेर ओढून बघा. पानात रंगवलेली चौकट काठापाशी अडकते किंवा कापली जाते. पूर्ण स्क्रीन व्यापून बसली असेल तर एस्केपचं बटन दाबून धरा. ती पाटी अंगावर आली तरी घाबरायचं कारण नाही. नुसतं पान उघडल्याने अद्ययावत ब्राउझरमध्ये सहसा काही बिघडत नाही, बिघडतं ते फाइल उतरवून चालवल्यावर.

फ्लॅश म्हणजे पानावर ॲनिमेशन आणि व्हिडिओ दाखवणारं जुनं सॉफ्टवेअर. त्याचं उत्तर लहान आहे: फ्लॅश मेलं. ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने जुलै २०१७ मध्येच जाहीर केलं होतं, त्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट संपला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने स्वतःच फ्लॅशच्या फाइल चालवणं बंद केलं. क्रोमच्या ८८ व्या आणि फायरफॉक्सच्या ८५ व्या व्हर्जनपासून फ्लॅश ब्राउझरमधूनच गेलं. त्यामुळे आज ‘फ्लॅश अपडेट करा’ असं कुणीही म्हटलं तरी तपासत बसू नका, टॅब बंद करा. जुनी फ्लॅशची शैक्षणिक ॲनिमेशन बघायचीच असतील तर रफल नावाचं मोफत साधन आहे. इंटरनेट आर्काइव्हवर तेच वापरून जुन्या गोष्टी चालवतात. त्यासाठी प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं बाहेरचं सॉफ्टवेअर, लागत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्ये अडकले होते, तेव्हा त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये तेवढ्यासाठी स्वतःचा वेगळा ब्राउझरच काढला! सरकारी पोर्टल सगळीकडे सारखीच, हा आपल्यापुरता दिलासा.

पण मेलेल्या फ्लॅशच्या नावाने लोक अजून फसतात, त्यामागे इतिहास आहे. १९९५ च्या सुमारास नेटस्केपने प्लगइनची व्यवस्था आणली, तेव्हा ब्राउझरला स्वतःहून व्हिडिओ दाखवता येत नव्हता की गाणं वाजवता येत नव्हतं. फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट, क्विकटाइम ही सगळी बाहेरची सॉफ्टवेअर ब्राउझरच्या पोटात बसून चालत, आणि कॉम्प्युटरवर तुम्हाला जे अधिकार तेच त्यांना. त्यांच्या सुरक्षेत भोक सापडलं की पान नुसतं उघडणंही धोक्याचं. जानेवारी २०१३ मध्ये जावातलं असं एक भोक उघड झालं, तेव्हा अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने लोकांना ब्राउझरमधलं जावा बंदच करायला सांगितलं. जुलै २०१५ मध्ये हॅकिंग टीम या हेरगिरीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या इटालियन कंपनीची चोरलेली कागदपत्रं बाहेर आली आणि त्यांत फ्लॅशची कुणालाच माहीत नसलेली भोकं निघाली. दुरुस्ती येईपर्यंत फायरफॉक्सने फ्लॅश थोपवून धरलं. म्हणजे त्या काळात ‘प्लगइन अपडेट करा’ ही पाटी खरी होती, आणि ती बघून क्लिक करणं हाच शहाणपणा होता.

वाकडं तिथेच गेलं. खऱ्या पाटीनेच लोकांना बिघडवलं. फ्लॅशच्या डाउनलोडबरोबर मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीचं स्कॅनर आधीच टिक केलेलं यायचं, जावाच्या अपडेटबरोबर आस्क टूलबार घुसायचा. वाचून क्लिक करण्याची सवय अशाने मोडली आणि न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करण्याची लागली. चोरांनी ती बरोबर हेरली. सप्टेंबर २०११ मध्ये मॅकवर फ्लॅशबॅक नावाचं प्रकरण फ्लॅशचा इन्स्टॉलर बनूनच आलं. पुढच्या वर्षी त्याने जावाचं भोक वापरून सहा लाखांहून जास्त मॅक धरले. २४ ऑक्टोबर २०१७ ला रशिया-युक्रेनमध्ये बॅड रॅबिट हे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं, तेही बातम्यांच्या साइटवर दिसणारं खोटं फ्लॅश अपडेट होऊन. ओडेसाचा विमानतळ आणि कीव्हची मेट्रो त्यात सापडली.

आता दुसरी पाटी, ‘क्रोम अपडेट करा’. तुमच्या ऑफिसला आज सगळ्यात मोठा धोका हिचा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. सुरक्षेच्या क्षेत्रात ही पाटी दाखवणाऱ्या टोळीच्या कामाला ‘फेक अपडेट्स’ किंवा ‘सॉकघोलिश’ म्हणतात. ती स्वतःची साइट काढत नाही. एखाद्या शाळेची, हॉटेलची, छोट्या कंपनीची खरीखुरी साइट, बहुतेक वेळा वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावरची आणि नीट न सांभाळलेली, ती फोडते आणि तिच्यात चार ओळींचा कोड ठेवते. तुम्ही सर्च करून त्या साइटवर जाता आणि लेखाच्या जागी क्रोमच्या लोगोची स्वच्छ पाटी येते. फायरफॉक्समधून गेलात तर फायरफॉक्सचा लोगो. शिवाय ती सगळ्यांना दिसत नाही. आलेला माणूस नवीन आहे का, सर्चमधून आलाय का, हे पाहून दाखवतात, आणि एकदा दाखवली की त्याच ठिकाणाहून पुन्हा सहसा नाही. म्हणून तुम्ही कॉम्प्युटरवाल्याला बोलावता तेव्हा पान व्यवस्थित उघडतं आणि तुम्हाला म्हणावं लागतं, ‘अहो, मघाशी होतं!’ मघाशी खरंच होतं. तुमच्या ऑपरेटरला असं वाटलं असेल तर त्याला वेड्यात काढू नका.

बटन दाबलं की एक झिप उतरते, किंवा थेट ‘अपडेट’ अशा नावाची फाइल. विंडोज मुळात फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे ती फाइल नक्की काय आहे हे दिसतच नाही. शेपूट दाखवायला सांगितलं की नावाच्या शेवटी डॉट जेएस दिसतं. म्हणजे ती जावास्क्रिप्टची साधी मजकुराची फाइल. डबल क्लिक केल्यावर विंडोज ती प्रोग्राम म्हणून चालवतं. स्क्रीनवर काहीच होत नाही. मागे मात्र ती बाहेरून सूचना आणते. पुढे कधी दूरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर बसतं, कधी साठवलेले पासवर्ड जातात, कधी काही दिवसांनी सगळ्या फाइलींना कुलूप लागतं. क्रोमचं खरं अपडेट कधीच झिपमध्ये किंवा जेएस फाइल म्हणून येत नाही, एवढं ऑफिसात सगळ्यांना पाठ असू द्या.

२०२४ पासून याचाच एक भाऊबंद बोकाळलाय, त्यात फाइलसुद्धा उतरत नाही. ईमेलबरोबर आलेला कागद उघडला की वर्डसारखं पान दिसतं आणि ‘वर्ड ऑनलाइनचं एक्स्टेंशन बसवलेलं नाही, दुरुस्त कसं करायचं ते बघा’ अशी पाटी येते. किंवा ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’. मग पायऱ्या सांगतात: विंडोजचं बटन आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते, ती तुम्ही स्वतःच्या हाताने रनच्या खिडकीत चिकटवून चालवता. अँटिव्हायरसने तरी काय अडवायचं, मालकानेच आज्ञा दिली! रनच्या खिडकीत काहीही चिकटवायला सांगणारी साइट चोराचीच. याला अपवाद नाही.

मग क्रोमचं खरं अपडेट कसं येतं? गुपचूप. डाउनलोड आपोआप झालेलं असतं, फक्त ब्राउझर बंद करून उघडायचा राहिलेला असतो. वर उजवीकडे तीन टिंबांच्या जागी रंग किंवा ‘रीलाँच’सारखा छोटा शब्द येतो: अपडेट नुकतंच आलेलं असलं तर हिरवा, चार दिवसांचं झालं तर केशरी, आठवडा उलटला की लाल. स्वतः तपासायचं असेल तर तीन टिंबं, हेल्प, अबाउट गूगल क्रोम. पान उघडलं की तपासणी आपोआप सुरू होते. फायरफॉक्समध्ये तीन रेघा, हेल्प, अबाउट फायरफॉक्स. एजमध्ये सेटिंग्जच्या यादीत तळाशी अबाउट.

आपल्याकडच्या ऑफिसांतली खरी अडचण इथेच आहे. खोटी पाटी ओरडते म्हणून लोक तिचं ऐकतात, खरी गप्प बसते म्हणून महिनाभर तिच्याकडे कुणी बघत नाही. कॉम्प्युटर कुणी बंद करत नाही, नुसता लॉक करून घरी जातात; क्रोममध्ये चाळीस टॅब उघडे, ते जातील या भीतीने रीलाँच नको. ऑगस्ट २०२३ पासून क्रोमच्या सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला येतात. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं हे चोरांनाही कळतं, आणि तुमच्याकडे मात्र डाउनलोड झालेली दुरुस्ती रीलाँचची वाट बघत पडलेली असते. टॅब पुन्हा उघडतात, घाबरू नका. इनकॉग्निटोच्या खिडक्या परत येत नाहीत आणि अर्धवट भरलेला फॉर्म जाऊ शकतो, एवढंच. म्हणून जेवणाच्या सुट्टीत रीलाँच, हा ऑफिसचा नियम करून टाका.

‘सरकारचा इशारा, क्रोम वापरत असाल तर सावधान’ अशा बातम्या तुम्ही वाचत असालच. त्या बहुतेक वेळा खऱ्या असतात. सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था ब्राउझरमधल्या त्रुटींबद्दल नियमित सूचना काढते. उपाय दर वेळी तोच: ब्राउझर अद्ययावत करा. तो वरच्या मेनूतूनच करायचा. त्याच बातमीच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डबरोबर लिंक आली असेल तर ती उघडायची नाही. अँड्रॉइड मोबाइलवर तर क्रोमचं अपडेट फक्त प्ले स्टोअरमधून. ‘आरटीओ चलान’च्या नावाने एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, पाठवणारे ‘क्रोम अपडेट’च्या नावानेही पाठवू शकतात.

एखाद्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज ७ असेल तर तिथे क्रोमचं १०९ हे शेवटचं व्हर्जन. पुढच्या अपडेटसाठी विंडोज १० हवं अशी पट्टी तिथे वर दिसते, ती खरी आहे आणि तिच्यावर क्लिक करून काही होणार नाही. त्या मशीनवर बँक आणि पोर्टलची कामं बंद करा.

तिसरी पाटी जावाची. ती जर घड्याळाजवळच्या कॉफीच्या कपाच्या चित्रातून येत असेल आणि पुढे विंडोजच्या परवानगीच्या चौकटीत प्रकाशक म्हणून ओरॅकल अमेरिका लिहिलेलं असेल, तर ती खरी. प्रकाशक अज्ञात असेल तर चौकट पिवळी असते, तिथे ‘नो’ म्हणायचं. पण खऱ्या पाटीबद्दलही आधी विचारा, जावा हवंय कशाला? ब्राउझरमधलं जावा कधीच संपलं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ४५ व्या व्हर्जनपासून जुनी प्लगइन बंद केली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, आणि २०१८ च्या जावा ११ मधून तर ब्राउझरचं प्लगइनच काढून टाकलं. आता जावा लागलंच तर ते डिजिटल सहीच्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअरसाठी, जे ब्राउझरच्या बाहेर, तुमच्या मशीनवर चालतं आणि पोर्टलशी बोलतं.

ई-टेंडर भरणाऱ्यांच्या मशीनवर मी पहिली बघतो ती कंट्रोल पॅनलमधली इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरची यादी. तिथे जावा ६, जावा ७, जावा ८ ची दोन-तीन व्हर्जन असं सगळं गुण्यागोविंदाने नांदत असतं. नवीन जावा बसवताना जुनं आपोआप जातं असा लोकांचा समज. प्रत्यक्षात पूर्वी फक्त सगळ्यात अलीकडचं जुनं व्हर्जन निघायचं, त्याआधीची तशीच राहायची. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याच मुद्द्यावर ओरॅकलला धरलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये समझोता झाला. जुनी व्हर्जन हाताने काढा. मग तुमच्या पोर्टलच्या सूचनांच्या पानावर जावा लागतं का आणि कुठलं, ते बघा. लागत नसेल तर उरलेलंही काढा, पाटीही गेली आणि प्रश्नही. लागत असेल तर ते सहापैकी एकाच मशीनवर ठेवा, टेंडर तिथूनच भरा, आणि त्या मशीनवर ईमेल आणि इकडेतिकडे फिरणं बंद. आणखी एक, कारण ऑफिसचा मामला आहे: एप्रिल २०१९ पासून ओरॅकल जावा ८ ची नवी अपडेट व्यावसायिक वापरासाठी फुकट नाहीत. पोर्टलला चालत असेल तर ओपन जेडीके, म्हणजे जावाचंच खुलं रूप, त्याचं मोफत व्हर्जन, उदाहरणार्थ टेमुरिन, वापरा.

एखादं जुनं पोर्टल अजून इंटरनेट एक्सप्लोरर मागत असेल तर तोही ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झालाय. एजमध्ये पान जुन्या एक्सप्लोररसारखं उघडणारा ‘आयई मोड’ आहे, फक्त त्या एका पत्त्यापुरता तो चालू करा.

सहीच्या सॉफ्टवेअरचं अपडेट मात्र खरोखर येतं, आणि लोक फसतात ते इथे. रिटर्नची शेवटची तारीख, सही होत नाही, म्हणून कुणीतरी गूगलवर ‘साइनर डाउनलोड’ शोधतो आणि पहिली दिसेल ती लिंक उघडतो. पहिली लिंक जाहिरातही असू शकते. ते सॉफ्टवेअर पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून, लॉगिनच्या पानावरच्या किंवा मदतीच्या भागातल्या लिंकवरूनच घ्या. एकदा घेतलं की ऑफिसच्या एका फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, देणारा एजंट ‘एनीडेस्क चालू करा, मी बसवून देतो’ म्हणतो (एनीडेस्क म्हणजे दूरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) तेव्हाही समोर बसून बघा, आणि काम झालं की एनीडेस्क काढून टाका. नुसतं बंद करून भागत नाही.

आता चौथी पाटी. एक्स्टेंशन हेच आजचं प्लगइन आहे, आणि ‘अपडेट केलं म्हणजे सुरक्षित’ हे सूत्र इथे पुरत नाही. क्रोमचं एक्स्टेंशन तुम्हाला न विचारता स्वतःच अपडेट होतं. अपडेटमध्ये त्याने पूर्वीपेक्षा जास्त अधिकार मागितले, तरच क्रोम त्याला बंद करतं आणि तुम्हाला विचारतं. तुमच्याकडे परवा झालं ते हे. म्हणजे ब्राउझरने आपलं काम चोख केलं, आता पाळी तुमची. काय मागतंय ते वाचा. ‘सगळ्या वेबसाइटवरची तुमची सगळी माहिती वाचणे आणि बदलणे’ असं असेल तर त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा: नेट बँकिंगचं पान, जीएसटीचं पान, क्लायंटचं ईमेल, सगळं. पीडीएफ जोडणाऱ्या किंवा स्क्रीनशॉट काढणाऱ्या एक्स्टेंशनला हे कशाला हवं? पटण्यासारखं कारण दिसलं नाही तर परवानगी न देता काढून टाका. त्या कामाला दुसरं काही ना काही मिळतंच.

एक्स्टेंशन सुरुवातीला चांगलं होतं म्हणून आजही चांगलं आहे, असं नाही. ग्रेट सस्पेंडर हे वीस लाखांवर लोकांनी बसवलेलं एक्स्टेंशन २०२० मध्ये मूळ लेखकाने दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून काढावं लागलं. मधल्या काळात वापरणाऱ्यांना वेगळं काहीच दिसलं नाही, नाव तेच आणि चित्रही तेच. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवनचं झालं. ही तर माहितीच्या सुरक्षेचंच काम करणारी कंपनी. नाताळच्या आदल्या दिवशी तिथल्या एका कर्मचाऱ्याला क्रोम वेब स्टोअरच्या नावाने खोटं ईमेल आलं, त्याने परवानगी दिली, आणि चोरांनी कंपनीच्याच नावाने एक्स्टेंशनचं बिघडवलेलं व्हर्जन चढवलं. ते वापरणाऱ्यांकडे आपोआप पोहोचलं. इथे वापरणाऱ्याने काय चूक केली? काहीच नाही. म्हणून एक्स्टेंशनच्या बाबतीत खरा बचाव एकच, ती कमीत कमी ठेवणं.

जाहिराती अडवणारं एखादं मात्र ठेवाच, कारण खोट्या पाट्यांपैकी बऱ्याच जाहिरातींतूनच येतात. क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन ‘आता सपोर्ट नाही’ म्हणून बंद पडलं असेल तर ती पाटी खरी आहे. गूगलने एक्स्टेंशनचे नियम बदलले, त्यात ते बसत नाही. त्याच लेखकाचं ‘लाइट’ रूप चालतं, किंवा फायरफॉक्समध्ये मूळचंच चालतं. घेताना लेखक तोच आहे ना ते बघा, सारख्या नावांची नक्कल भरपूर आहे.

तुमच्या सहा मशीनवर मी काय करीन ते सांगतो, एका दुपारचं काम आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि तिथे कुठल्याच साइटला विचारू देऊ नका. आधी कुणाकुणाला परवानगी दिलीय ती यादी खाली असते, ती रिकामी करा. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’ असं कोपऱ्यात येतं ते बऱ्याच वेळा या यादीतूनच येतं; त्या सूचनेत साइटचं नाव बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलचं शेपूट दिसेल असं करा. मग माझा आवडता उपाय: डेस्कटॉपवर रिकामी टेक्स्ट फाइल करा, नाव बदलून शेवटी डॉट जेएस लावा, उजवं क्लिक, ओपन विथ, नोटपॅड निवडा आणि ‘ऑलवेज’ म्हणा. यापुढे कुणी खोट्या अपडेटवर डबल क्लिक केलंच तर प्रोग्राम चालणार नाही, नोटपॅडमध्ये अगम्य मजकूर उघडेल आणि तो माणूस तुम्हाला हाक मारेल. वेबसाइटवरच्या जावास्क्रिप्टला याने काही होत नाही. व्हीबीएस आणि एचटीए या अशाच डबल क्लिकवर चालणाऱ्या फाइलींनाही हेच करा; त्यांवर चालणारं एखादं जुनं सॉफ्टवेअर असेल तर अडल्यावर कळेलच.

रोजचं काम ॲडमिनच्या खात्यातून नको, साध्या खात्यातून करा. ॲडमिनचा पासवर्ड एकाकडेच. आणि क्रोममध्ये दोन प्रोफाइल करा: एक बँक आणि पोर्टलसाठी, एकाही एक्स्टेंशनशिवाय, दुसरं बाकी सगळ्यासाठी. दोघांना वेगळे रंग द्या, म्हणजे चुकून गफलत होत नाही.

राहिला प्रश्न कुणी आधीच क्लिक केलं असेल त्याचा. माझ्या एका क्लायंटकडे खोटं क्रोम अपडेट चालवल्यावर ऑपरेटर अर्धा दिवस कुणाला बोलली नाही, साहेब रागावतील म्हणून. रागावायचं नाही हे आधीच सांगून ठेवा, तो अर्धा दिवस फार महाग पडतो. मशीनचं नेट लगेच काढा, वायर आणि वायफाय दोन्ही. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून ईमेल, बँक, पोर्टल यांचे पासवर्ड बदला, आणि ईमेलमध्ये ‘सगळीकडून लॉगआउट’ करा. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण चोर आधीच चालू असलेलं लॉगिनही उचलून नेतात. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. ‘अँटिव्हायरस फिरवला, काही सापडलं नाही’ यावर विसंबू नका. डेटा काढून घ्या आणि विंडोज नव्याने टाका.

त्या वेळी डीएससीचं टोकन (सही साठवलेलं यूएसबी) मशीनला लावलेलं होतं का, हेही विचारा. टोकनमधली सहीची किल्ली कॉपी होत नाही, पण टोकन लावलेलं असताना आणि पिन टाइप केलेला असताना मशीन ज्याच्या ताब्यात त्याला सही करता येऊ शकते. बऱ्याच ऑफिसांत टोकन सकाळी लावतात ते संध्याकाळीच काढतात, ती सवय मोडा. सही झाली की टोकन खणात. संशय असेल तर स्वच्छ मशीनवरून पिन बदला, आणि ज्यांनी डीएससी दिलं त्यांना सांगून ते रद्द करून घ्या. नवीन डीएससी जीएसटी आणि इन्कम टॅक्स दोन्हीकडे पुन्हा नोंदवावं लागतं, तेव्हा हे काम रिटर्नच्या तारखेवर ढकलू नका.